पाप न्हाय, तक्रार हाय

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीच्या वसाहतीत देवावर रुसलेल्या बायका पुष्कळ. देवाला घाबरणाऱ्या त्याहून जास्त. पण देवाला समोर बसवून, तू माझा हायस का न्हाय ते एकदा सांगून टाक, असं विचारणारी बाई एकच होती. ती माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती, हे मी आजही मान वर करून सांगते. कुणी आमदाराचा शेजार मिरवतं, कुणी डॉक्टरचा. मी सलोमीआक्काचा मिरवते.

नाव ऐकून तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. ती कॅथॉलिक. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव तिचं, आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. बोलणं मात्र आमच्यासारखंच, निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि राग आला की सगळं कानडी. आम्ही लिंगायत. माझ्या मालकांची पिठाची गिरणी होती, ते गेल्यावर मी ती चालवली, आता मुलगा चालवतो. आक्का वयानं माझ्याहून थोडी मोठी आणि आवाजानं हातभर मोठी. मी तिला आक्का म्हणायची, ती मला गौरा. आता ती नाही. पुण्याला लेकाकडे गेली आणि तिथंच गेली. पण मी ते सांगायला बसले नाही.

आक्का विड्या वळायची. इथल्या बहुतेक बायका तेच करतात. नवरा लवकर गेला, दोन पोरं, आणि मांडीवर सूप. त्या सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू, आणि मध्ये तिची बोटं. त्या बोटांकडे बघत बसलं की डोळे दमायचे, बोटं दमायची नाहीत. पान घेतलं, तंबाखू पसरली, वळलं, टोक दुमडलं, दोरा बांधला, की दुसरं पान. आणि प्रत्येक विडीबरोबर एक नमो मरिया. ही तिची पद्धत. पान हातात घेताना "नमो मरिया, कृपापूर्णे" सुरू व्हायचं आणि दोऱ्याची गाठ बसली की "आमेन". तिच्या सासूनं लावलेली सवय. सासू म्हणायची, हात पोटासाठी, तोंड देवासाठी, दोघांनाही बसवून ठेवू नये.

यातून एक गंमत झाली. त्यांच्यात ऑक्टोबर महिन्यात संध्याकाळी घरोघरी जपमाळ म्हणतात. आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या. आक्काला सगळं पाठ, म्हणून पुढे तिलाच बसवायचे. पण तिला विडीचा वेग सोडून दुसरा वेग माहीतच नव्हता. ती सुरू झाली की बाकीचे अर्ध्या ओळीवर असताना तिचं आमेन होऊन जायचं. माणसं मागून धावायची, कुणाचा श्वास तुटायचा, म्हातारी माणसं मध्येच सोडून द्यायची. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाणी बसवणारे एक मास्तर होते, ते एकदा वैतागून म्हणाले, "आक्का, मरियामातेला जरा श्वास घेऊ द्या की."

आक्का म्हणाली, "तिला माजी सवय हाय मास्तर. तुमालाच न्हाय."

मी तिथं कशी, विचाराल. जपमाळ तिच्या घरी असली की चहा माझ्या घरून जायचा. भिंतीला भिंत म्हटल्यावर देव वेगळे असले तरी दूध एकच असतं.

कुणाच्या घरी आजारपण आलं, मरण आलं, की आक्काला बोलावणं यायचं. रात्र असो, ऊन असो, ती जायची. मरणाऱ्याच्या उशाशी बसून अशी प्रार्थना म्हणायची की घरातली माणसं रडायची थांबून तिच्याकडे बघत राहायची. परत आली की पायांवर पाणी घ्यायची आणि माझ्या ओट्यावर टेकायची. एकदा अशीच कुणाच्या तरी घरून आली आणि म्हणाली, "मी पोस्टमन हाय गौरा. सगळ्यांची पत्रं त्याला पोचवते. मला अजून एक कार्ड न्हाय."

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पूजा करत होते. आमच्यात देव गळ्यात असतो. आंघोळ झाली की चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग बघत बसायचं. त्यात मध्ये कुणी भटजी नाही, कुणी पुजारी नाही. आक्का काहीतरी मागायला आली होती, दारात उभी राहून बघत राहिली. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "त्यो तुला काय बोलतो?"

मी म्हटलं, बोलत नाही गं. बसतो.

"बसतो तरी," ती म्हणाली. "तळहातावर बसतो. आमचा लांब, सोनेरी पेटीत. आमी सगळेजण मिळून त्याला हाका मारायच्या, आमच्या स्वर्गातल्या बापा, आमच्या स्वर्गातल्या बापा. सगळ्यांचा हाय ते मला ठाव हाय. माजा हाय का, ते कुणी सांगंना."

एखादीला वाटलं असतं, हिला आमच्याकडे यायचंय. मलाही क्षणभर वाटलं, आणि मी काहीतरी बोललेही तसं. तर तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाली, "नवरा बोलत न्हाय म्हणून शेजारणीचा घ्यायचा व्हय?"

अशी ती. मग तिनं शोध सुरू केला. शोध म्हणजे काय, ज्याला त्याला विचारायचं. म्हाताऱ्या फादरांना विचारलं, त्यांनी सांगितलं, श्रद्धा ठेव. ती म्हणाली, ठेवलीय की, ठेवून ठेवून जुनी झाली. केरळच्या एक सिस्टर दवाखान्यात होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तो मनात बोलतो. आक्का घरी येऊन मला म्हणाली, "माज्या मनात तर मीच बोलते, त्याला जागा कुटं?" पण सिस्टर तिला आवडायच्या, म्हणून तिथं भांडली नाही.

मग एकदा बाहेरगावचे एक प्रवचनकार आले. मोठा मांडव, माइक, गाणी. ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि माणसं रडत रडत मागे पडायची, मागे दोघे झेलायला उभे. आक्का मोठ्या आशेनं गेली होती. पांढरी साडी, डोक्याला तेल. तिची पाळी आली. हात ठेवला, ती उभीच. त्यांनी डोळे मिटून आणखी जोरात प्रार्थना म्हटली, ती उभीच. मग हात जरा दाबला असावा. आक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ढकलू नका दादा. पडायचं असलं तर माजी मी पडते."

मांडवात काहीजण हसले, काहींना राग आला. तिला मात्र कुणाच्या हसण्याचं काही नव्हतं. येताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली होती असं तिच्याबरोबरच्या बाईनं मला सांगितलं. मी नंतर विचारलं, पडली असतीस तर काय बिघडलं असतं? म्हणाली, "सगळ्यांशी खोटं बोलता येतंय गौरा. ज्याला भेटायचंय त्याच्याशीच पयल्या भेटीत खोटं बोलू?"

हे वाक्य मी माझ्या नातवंडांना सांगते. त्यांना कळत नाही. कळेल.

आता हातांचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं होतं.

तंबाखूचा वास हातातून जात नाही. आक्का रविवारी पहाटे उठून हात घासायची. आधी राख, मग लिंबू, मग साबण, मग शिकेकाई, आणि एकदा तर रॉकेल लावलं, त्यानं वास गेला नाही, रॉकेलचा वाढला. अंगठ्याचं नख तपकिरी, तळहाताच्या रेघा तपकिरी. आधी तिला त्याचं काही नव्हतं. पण देवळात वेदीवर घालायची कापडं असतात, ती धुऊन इस्त्री करायची सेवा तिनं एका वर्षी मागून घेतली होती. दोन-चार रविवार केलीही. मग तिथल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आक्का, रागावू नका, पण कापडाला तुमच्या कामाचा वास लागतो, तुम्ही आपलं फुलांचं बघा. बाई वाईट नव्हत्या, हळूच सांगितलं होतं. पण हळू सांगितलेलं जास्त आत जातं. आक्कानं फुलांचं बघितलं, आणि त्या दिवसापासून देवळात गेली की हात पदराखाली.

त्यांच्यात मिस्सा असते, तिच्या शेवटाकडे फादर सगळ्यांना एक पांढरी पातळ भाकर देतात. भाकर आपण म्हणतो. आक्का म्हणायची, ती भाकर न्हाय, त्योच हाय. सगळी पूजा त्यासाठीच. आक्का जुन्या वळणाची, जिभेवर घ्यायची. डोळे मिटायचे, तोंड उघडायचं, फादर जिभेवर ठेवणार, हात पदराखाली. कुणाला काही दिसायचं नाही. असं वर्षानुवर्षं चाललं.

आणि मग करोना आला. देऊळ बंद, विडी कारखाना बंद, माझी गिरणीसुद्धा कडी लावून. ते दिवस सगळ्यांनीच बघितलेत, मी वेगळं काय सांगू. पुढे देऊळ उघडलं तेव्हा नियम बदलला होता. जिभेवर द्यायचं नाही, हातावरच द्यायचं. डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली, आणि हात पुढे करायचा.

त्या वेळी आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एकटीनं बसनं जायचं नाही, असं लेकानं पुण्याहून बजावलं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर जायला लागले. कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग पदराआड, आणि मी शेवटच्या बाकावर. मला तिथं कुणी काही म्हणालं नाही, उलट पंखा माझ्याकडे फिरवायचे. दारात सॅनिटायझरची बाटली. आक्का तिच्याखाली हात धरून उभी राहायची, तिथल्या पोरानं "बास आजी" म्हणेपर्यंत. मग हात हुंगायची आणि तोंड वाकडं करायची. तंबाखूला अत्तर लावल्यासारखा वास यायचा, तेही खरं सांगते.

सगळे रांगेनं पुढे गेले, आक्का बाकावरून उठली नाही.

मला वाटलं, पाय दुखत असतील. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्याही. रांग तिच्या बाजूनं जायची, लोक तिच्याकडे बघायचे, आणि ती पदराखाली हात धरून समोर बघत बसायची. येताना बसमध्ये एक शब्द नाही. आक्का आणि गप्प, म्हणजे गिरणी चालू आणि आवाज बंद. मला भीती वाटायला लागली.

एक दिवस ओट्यावर मीच विषय काढला. विडी सोड म्हटलं. लेक पैसे पाठवतो, तुला काय गरज. ती पानं कापत होती, कापायची थांबली. म्हणाली, "ह्या हातांनी दोन पोरं वाढवली. ह्या हातांनी मेलेल्यांचे डोळे मिटले. आता त्याला चालत न्हायत म्हणून टाकू कुटं?"

मी म्हटलं, त्याला चालत नाहीत असं त्यानं सांगितलंय का?

"त्येच की," ती म्हणाली. "काईच सांगत न्हाय."

इथपर्यंत मला वाटत होतं की देव बोलत नाही हे तिचं एक दुःख आणि हाताचा वास हे दुसरं. त्या दिवशी कळलं, दोन्ही एकच होतं. तिनं मनात धरून ठेवलं होतं की तो बोलत नाही तो ह्या हातांमुळे. आणि आता तर तो म्हणत होता, हातच पुढे कर.

मग ती पापकबुलीला गेली. त्यांच्यात सणाच्या आधी फादरांजवळ जाऊन आपली पापं सांगायची असतात, कानाशी, कुणाला ऐकू न जाता. पण करोनाचे दिवस. म्हणून नव्या फादरांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकली होती, समोर चांगल्या अंतरावर दुसरी खुर्ची, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि बाकीचे लांब रांगेत. मी देवळाच्या पायरीवर. हे फादर तरुण, नुकतेच सोलापुरात आलेले. आक्का बसली. मास्कमधून आवाज पोचणार नाही असं वाटून तिनं मास्क खाली ओढला. फादर म्हणाले, मास्क राहू द्या आक्का, मोठ्यानं बोला.

असं सलोमीआक्काला कुणी सांगू नये.

"फादर," ती म्हणाली, आणि कडुलिंबावरचे कावळे उडाले. "पाप न्हाय. तक्रार हाय."

फादरांनी विचारलं असावं, कुणाबद्दल. तिनं देवळाच्या दाराकडे बोट केलं.

"त्याच्याबद्दल."

सगळी रांग पुतळ्यासारखी. कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी आभाळाकडे, पण कान सगळ्यांचे तिकडेच. आणि आक्का सुरू झाली. म्हणाली, मी काई मागत न्हाय. नवरा आजारी व्हता तवा मागितलं, न्हाय दिलं, गेला त्यो गेला, त्याचं मी मनात ठेवलं न्हाय. पर इतकी वर्सं मी रोज त्याला हाक मारते. विडीगणिक हाक मारते. मानसानं मानसाला एवढ्या हाका मारल्या असत्या तर मानूस वैतागून का हुईना, दारात आला असता. "एकदा 'ओ' म्हणायला त्याचं काय जातं?"

 फादरांनी हळू काहीतरी विचारलं, आणि आक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पुढचं मला ऐकू आलं नाही, रांगेलाही नाही. एवढं दिसलं की तिनं पदराखालून दोन्ही हात काढले आणि पुढे धरले. फादर अंतर विसरले. खुर्चीवरून पुढे वाकून त्या हातांकडे बघत राहिले.

काय बोलले ते तिनं मला बसमध्ये सांगितलं, आणि सगळ्या जगाला सांगितलंस तरी चालेल म्हणाली, म्हणून लिहिते. फादर म्हणाले होते, तो तुमच्याशी का बोलत नाही ते मला माहीत नाही आक्का. मलाही पुष्कळ दिवस काही ऐकू आलेलं नाही.

मी घाबरले. म्हटलं, फादर असं बोलले?

"व्हय," आक्का म्हणाली, आणि तिचा चेहरा काय खुलला होता. "पयला खरा मानूस भेटला बग."

पाप नसलं तरी त्यांनी तिला प्रायश्चित्त दिलं होतं. गुरुवारी संध्याकाळी देवळात आराधनेचा तास असतो, तिथं येऊन बसायचं. पण पाठ असलेली एकही प्रार्थना म्हणायची नाही. आणि हात बाहेर, मांडीवर, उघडे. आक्कानं विचारलं होतं, पाठ असलेली न्हाय तर मग म्हनू काय? फादर म्हणाले होते, ते मला नका सांगू.

गुरुवारी आम्ही गेलो. देवळात चार-पाच माणसं. वेदीवर सोनेरी किरणांच्या चौकटीत मधोमध ती पांढरी भाकर ठेवलेली, समोर दोन मेणबत्त्या. आक्का पहिल्या बाकावर जाऊन बसली, मी नेहमीसारखी मागे. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. आणि कोपरं. कोपरं हलत होती. मला कळलं, बोटं रिकाम्या हवेत विडी वळतायत. तोंड बंद केलं तरी हातांना काही सांगितलं नव्हतं ना कुणी. बराच वेळ ती कोपरं हलत राहिली. मग थांबली. मी पुढे होऊन बघणार होते की बरं आहे ना हिला, इतकी ती थांबली होती.

येताना आम्ही कुंभारीच्या फाट्याला आलो. बसमधून उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि सांगितलं. आधी तिला काहीच सुचत नव्हतं, म्हणे. नमो मरिया ओठांवर यायची, ती ढकलून द्यायची. मग राग आला. मग त्याला म्हणाली, हे बग, हे हात. वास येतो. जात न्हाय, मी लई बगितलं. तुला चालत असलं तर बस, न चालत असलं तर आत्ता सांग, मी उठून जाते, परत तरास देणार न्हाय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. काई न्हाय बोलला."

मला वाईट वाटलं. पण ती माझा दंड धरून म्हणाली, "तसं न्हाय गौरा. कुणी ऐकत न्हाय म्हणून गप असतं, आनि कुणी ऐकतंय म्हणून गप असतं. तुला कळतंय की ह्यातलं. गिऱ्हाईक बोलत असताना तू जातं बंद करतीस. तसं झालं. जातं बंद केल्यावानी. एवढं मोठं जग फिरवणारा, माज्यासाठी जरा थांबला." आणि मग म्हणाली, "त्यो गेला न्हाय. मी वाट बगितली. गेला न्हाय."

रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, आम्ही दोघी म्हाताऱ्या धुळीत उभ्या, आणि ती लहान मुलीसारखी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या साडीवरची धूळ झटकली.

त्या रविवारी ती पहाटे उठली ती हात घासायला नाही, विड्या वळायला. मी हाक मारायला गेले तर सूप मांडीवर. मी म्हटलं, आक्का, आज तरी. ती म्हणाली, "रोज ह्याच हातांनी त्याला हाका मारल्या. भेटायला दुसऱ्याचे घेऊन जाऊ?" हात नुसत्या पाण्याखाली धरले, पदराला पुसले आणि निघाली.

मी अंबाबाईची जत्रा बघितलीय, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तर दरवर्षी. पण देवाकडे जाणारं माणूस कसं दिसतं ते त्या दिवशी बघितलं. रांग लागली आणि आक्का उठली. पदर खांद्यावर, हात मोकळे, ताठ चालत गेली. ज्यांनी कापडाचं सांगितलं होतं त्याच बाई तिच्या मागे उभ्या होत्या. आक्का फादरांसमोर पोचली, डावा तळहात वर केला, उजवा खाली धरला. तिचा तो तपकिरी तळहात, मला शेवटच्या बाकावरूनही दिसल्यासारखा वाटला. फादर म्हणाले, ख्रिस्ताचे शरीर. तिनं एवढ्या मोठ्यानं आमेन म्हटलं की पेटीवाला सूर चुकला. फादरांनी तिच्या तळहातावर ठेवलं.

आणि ती हललीच नाही.

खायचं असतं लगेच, आणि बाजूला व्हायचं असतं. ही आपली तळहाताकडे बघत उभी. मागची रांग थांबली. फादर हळूच म्हणाले, आक्का, पुढं सरका. मागच्या बाई खोकल्या. आक्का मान वर न करता म्हणाली, "थांबा की जरा. पयल्यांदा बगायला मिळालंय."

सगळ्या देवळानं ऐकलं. कुणी हसलं नाही. फादर थांबले. रांग थांबली. जिभेवर घ्यायची तेव्हा डोळे मिटलेले असायचे ना तिचे, एवढ्या वर्षांत तिनं त्याला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. बघून झालं, मग तिनं खाल्लं, आणि सगळ्या देवळातून दोन्ही हात मोकळे सोडून चालत परत आली. माझ्या पोटच्या पोरीला बक्षीस मिळालं असतं तरी मला याहून जास्त अभिमान वाटला नसता. मी लिंगायताची बाई, मला त्या भाकरीतलं काय कळतं. पण तळहातावर देव ठेवून बघत बसणं मला कळतं, आणि मी रडले, ते लपवत नाही.

त्यानंतर ती काही संतीण झाली नाही. जपमाळ त्याच वेगानं म्हणायची, मास्तरांशी तसंच भांडायची. पण कुणी म्हटलं, आक्का, आमच्यासाठी प्रार्थना म्हणा, की आधी ती "म्हणते" म्हणायची, आता "सांगते त्याला" म्हणायला लागली. आणि तो नेहमीच तिचं ऐकायचा असंही नाही. एकदा दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. कशावरून, ते मला सांगितलं नाही. आमच्या दोघांतलं हाय म्हणाली.

पुढे छाती धरली. एवढी वर्षं तंबाखूची धूळ, डॉक्टरांनी सूप बंद करायला सांगितलं, आणि लेक न्यायला आला. सामान बांधून झालं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी मी हुरड्याचं थालीपीठ करून तिच्याकडे घेऊन गेले. लेक बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होता. दार लोटलेलं, आत बोलण्याचा आवाज. मला वाटलं, कुणीतरी निरोप घ्यायला आलंय, म्हणून खिडकीतून बघितलं.

खोली रिकामी होती. भांडी पोत्यात, भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा काढलेल्या, खिळे तेवढे राहिलेले. आक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब केलेले, आणि समोरच्या मोकळ्या जागेशी बोलत होती.

"मोठं गाव हाय म्हनतात पुनं. पाचव्या मजल्यावर घर हाय पोराचं. तितं तुला वळखीचं कुनी न्हाय, मला ठाव हाय. पर तू घाबरू नको. मी हाय की."

मग ती गप्प झाली. मान जरा कलती करून, समोरच्याला बोलू द्यावं तशी. बराच वेळ. आणि मग हसली, समोरच्यानं आपल्यालाच टोमणा मारल्यावर आपण हसतो ना, तशी.

मी ताटली खिडकीत ठेवली आणि पायांचा आवाज न करता घरी आले.